वेचलेला सरवा : एका इंग्लिश वाडीची गोष्ट

प्रस्तावना

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह आठवतात. एखाद्या आडबाजूच्या खेड्याचा इतिहास लिहायचा झाला, तरी लेखकाचे लक्ष प्रथम देवालयाकडे, जमीनदाराच्या वाड्याकडे आणि मालकीहक्काच्या कागदांकडे जाते. कारण तेच मागे उरलेले असते. ज्यांनी ती जमीन नांगरली, त्यांची नोंद मात्र जन्म, विवाह आणि मृत्यू अशा तीन ओळींत आटोपते. या तीन ओळींच्या मधले आयुष्य कोठे शोधायचे? विसाव्या शतकात ब्रिटनमध्ये काही जणांनी ते लहानपणच्या आठवणींत शोधले. प्रस्तुत पाठात अशाच एका वाडीचा आणि चौदाव्या वर्षी नोकरीला लागलेल्या तिथल्या एका मुलीचा परिचय आपण करून घेणार आहोत.

तीस घरांची वाडी

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायर नावाचा परगणा आहे. त्याच्या ईशान्य टोकाला कॉटिस्फर्ड या लहानशा गावाच्या हद्दीत ज्युनिपर हिल ही वाडी वसलेली आहे. ५ डिसेंबर १८७६ रोजी या वाडीत एका पाथरवटाच्या घरी फ्लोरा टिम्स हिचा जन्म झाला. वाडीत त्या वेळी तीसेक घरे होती. बहुतेक पुरुष शेतमजूर होते आणि त्यांची मजुरी आठवड्याला दहा शिलिंग होती. त्या काळी वीस शिलिंगांचा एक पौंड होत असे. म्हणजे आठवडाभर राबून घरी अर्धा पौंड येई. त्यातूनच घरभाडे, पाव, कपडे आणि जोडे भागवायचे. शाळा वाडीत नव्हती. मुले दीड मैल चालत कॉटिस्फर्डला जात.

फ्लोराचे शालेय शिक्षण एवढ्यावरच थांबले. चौदाव्या वर्षी ती जवळच्या फ्रिंगफर्ड गावच्या टपालकचेरीत कामाला लागली. पुढे तिने टपाल खात्यातीलच एका कर्मचाऱ्याशी विवाह केला आणि ती फ्लोरा थॉम्पसन झाली. घरकाम, मुलांचे संगोपन आणि सार्वजनिक ग्रंथालयांतून आणलेली पुस्तके यांच्या आधारे तिने स्वतःचे शिक्षण स्वतःच पुरे केले. १९११ साली स्त्रियांच्या एका नियतकालिकाने घेतलेल्या निबंधस्पर्धेत, कादंबरीकार जेन ऑस्टेन हिच्यावरील तिच्या छोट्या निबंधाला बक्षीस मिळाले. वाडीवरचे पुस्तक मात्र त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आले. १९३९ मध्ये ‘लार्क राइज’ प्रसिद्ध झाले तेव्हा ती बासष्ट वर्षांची होती. त्याच्या पुढचे दोन भाग १९४१ आणि १९४३ मध्ये निघाले आणि १९४५ मध्ये तिन्ही भाग एकत्र छापले गेले.

पुस्तकात तिने नावे बदलली. ज्युनिपर हिलचे लार्क राइज झाले, फ्लोराची लॉरा झाली आणि धाकटा भाऊ एडविन हा एडमंड झाला. नावे बदलली तरी विहिरीवरून पाणी आणण्याची वाट, बागेतले बटाटे आणि घरामागचे डुक्कर ही सारी ज्युनिपर हिलचीच राहिली.

सरवा

कापणी झाल्यावर शेतात गळून राहिलेली कणसे गोरगरिबांनी वेचून न्यायची, हा जुना हक्क आहे. अशा वेचलेल्या धान्याला आपल्याकडे ‘सरवा’ म्हणतात. इंग्लंडमध्येही ही चाल होती आणि ज्युनिपर हिलच्या बायका तिची वर्षभर वाट पाहत. शेतमालकाच्या गाड्या गव्हाच्या पेंढ्या भरून निघून गेल्या, की त्या मुलांना घेऊन पहाटेच शेतात उतरत. दिवसभर वाकून एकेक कणीस उचलायचे, मूठ भरली की बांधायची आणि संध्याकाळी तो भारा डोक्यावर घेऊन घरी परतायचे. दोन-तीन आठवडे हेच चाले. मग तो गहू गिरणीतून दळून येई. साधारण कुटुंबाच्या वाट्याला एक-दोन बुशेल पीठ येई, मोठ्या कुटुंबाला त्याहून अधिक. एक बुशेल पीठ म्हणजे सुमारे पंचवीस किलो.

याच्या पुढचा तपशील कोणत्याही सरकारी दप्तरात सापडणार नाही. दळून आलेल्या पिठाचे पोते लगेच कोठीत जात नसे. ते काही दिवस बैठकीच्या खोलीत खुर्चीवर ठेवलेले असे आणि रस्त्याने जाणाऱ्यांना आत बोलावून मुद्दाम दाखवले जाई. गव्हाचे भाव, मजुरीचे दर आणि कापणीच्या तारखा कागदोपत्री मिळतील. पण त्या पोत्याला माणसासारखी खुर्ची मिळत असे, हे केवळ त्या घरात वाढलेले मूलच सांगू शकते.

डुकराचेही तसेच. प्रत्येक घरामागे एक डुक्कर पाळलेले असे आणि त्याच्या खारवलेल्या मांसावर कुटुंबाचा हिवाळा निघे. रविवारी लोक एकमेकांच्या डुकराची तब्येत पाहायला जात. डुक्कर घेताना चाऱ्याला पैसे नसतील, तर ते उधारीवर पोसावे लागे आणि कापल्यावर अर्धे मांस गिरणीवाल्याला किंवा पाववाल्याला द्यावे लागे. अशा वेळी घरची माणसे जे कौतुकाने पाहत, त्यातले निम्मे अगोदरच गहाण पडलेले असे. लेखिकेने हे गमतीच्या सुरात सांगितले आहे. पण वाचकाला हिशेब कळतो.

मोठ्या माणसांच्या तोंडून

मुलांना स्वतःचे बालपण तर आठवतेच. शिवाय म्हाताऱ्यांचे बोलणेही ती साठवून ठेवतात. वाडीत सॅली नावाची एक वृद्ध स्त्री होती. आजूबाजूला शेते नव्हती, मोकळे माळरान होते आणि मधल्या हिरवळीभोवती फक्त सहा घरे होती, तेव्हाची वाडी तिला आठवत होती. त्या गायरानावर लोकांच्या गाई, बदके आणि कोंबड्या चरत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हे गायरान कायद्याने वाटले गेले आणि त्याला कुंपणे पडली. जमीन मालकांकडे गेली आणि ज्यांच्या घरी गाय होती त्यांची मुले-नातवंडे रोजावर जाऊ लागली. इंग्लंडभर हे घडले. त्याचे ठराव आणि नकाशे जागोजाग जपून ठेवलेले आहेत. त्या नकाशांवर रेघा दिसतात. गाय गेलेली दिसते ती सॅलीच्या बोलण्यात.

वाडीत एकटा राहणारा एक म्हातारा माजी सैनिकही होता. लॉराची आई त्याला आपल्या घरचे जेवण पाठवी. पुढे तो आजारी पडला आणि त्याची सेवा करायला कोणी नव्हते. अशा निराधारांना त्या काळी ‘वर्कहाऊस’ या संस्थेत ठेवत. तेथे अन्न मिळे, पण मान राहत नसे; गरिबांना मरणापेक्षा तिची धास्ती अधिक वाटे. म्हाताऱ्याला फिरायला नेतो असे सांगून गाडीत बसवले. कोठे आणले हे कळताच तो लहान मुलासारखा रडला. सहा आठवड्यांच्या आत त्याचा देह गावच्या दफनभूमीत परत आला.

१ जानेवारी १९०९ पासून ब्रिटनमध्ये सत्तर वर्षांवरील गरीब वृद्धांना आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग निवृत्तिवेतन मिळू लागले. हे पैसे टपालकचेरीतून दिले जात. ते घेताना सुरुवातीला कित्येक वृद्धांच्या डोळ्यांतून पाणी येई आणि ते खिडकीपलीकडच्या मुलीला आपल्या बागेतली फुले नाहीतर सफरचंदे आणून देत, असे फ्लोराने नोंदवले आहे. त्या मुलीने तर फक्त पैसे मोजून दिले होते. या कायद्यावर संसदेत झालेल्या भाषणांची छापील पाने पुष्कळ आहेत. ती सफरचंदे फक्त येथे आहेत.

आठवण काय सांगत नाही

म्हणून आठवणीला पुरावा मानून मोकळे व्हावे काय? ज्युनिपर हिलच्या बाबतीत अभ्यासकांनी पुस्तक आणि कागदपत्रे शेजारी ठेवून पाहिली. इंग्लंडमध्ये दर दहा वर्षांच्या जनगणनेत घराघरातील माणसांची नावे लिहिलेली असतात. गावोगावच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या वह्या असतात. त्या ठेवण्याचा आदेश १५३८ चा आहे. या नोंदींवरून दिसते, की फ्लोराच्या आईवडिलांची सहा मुले मोठी झाली. बाकीची बालपणीच दगावली. लॉराच्या घरात मात्र या चिमुकल्यांची चाहूल फारशी लागत नाही. थोरल्या मुलीला त्या लहानग्या तिरड्या आठवत नसतील, हे संभवत नाही. बहुधा तिला त्या लिहवल्या नाहीत. हे असत्य नव्हे. तरीही वाडीत मुले किती मरत, हे जाणून घ्यायचे असेल तर चर्चची वहीच उघडावी लागेल.

मात्र एका मृत्यूविषयी तिने लिहिले आहे. भाऊ एडविन पहिल्या महायुद्धात १९१६ साली बेल्जियममध्ये पडला. ‘लार्क राइज’चा शेवट चर्चच्या भिंतीवरील पितळी पाटीपाशी होतो. युद्धात गेलेल्या गावच्या तरुणांची अकरा नावे तिच्यावर आहेत : पाच-पाचच्या दोन ओळी आणि खाली एकटे एडमंडचे नाव. सैनिकाला पाटी मिळाली. पाळण्यातल्या भावंडांना वहीतली एक ओळ मिळाली. इतिहासकाराला दोन्ही हव्या असतात.

लॉरी ली या लेखकाने ग्लॉस्टरशायरमधील स्लॅड या खेड्यातल्या आपल्या बालपणावर १९५९ मध्ये पुस्तक लिहिले. काळाच्या ओघात काही तपशील बदलले असतील, हे त्याने प्रारंभीच मान्य केले आहे. असा कबुलीजबाब देणाऱ्याची साक्ष अधिक विश्वासाने ऐकावीशी वाटते.

ज्यांनी ऐकले त्यांचेही काम

प्रत्येक वाडीत लिहिणारी मुलगी निघत नाही. अशा वेळी कोणीतरी बसून ऐकावे लागते. जॉर्ज युअर्ट एव्हान्स हा वेल्समधील कोळसाखाणींच्या प्रदेशात जन्मलेला लेखक १९४८ मध्ये सफोक परगण्यातील ब्लॅक्सॉल या गावी राहायला आला. त्याची पत्नी तेथे शाळा चालवत असे आणि तो घर सांभाळून लिहीत असे. शेजारी म्हातारे मेंढपाळ आणि शेतमजूर होते. घोड्यांनी नांगरणी, हाताने कापणी आणि घरी भाजलेला पाव यांवर त्यांची जवानी गेली होती. ट्रॅक्टर आल्यावर त्यांचे ज्ञान कोणाला नको होते. एव्हान्सच्या ध्यानात आले, की ही माणसे गेली की शेकडो वर्षांची कामाची रीत आणि तिचे शब्द त्यांच्याबरोबर जातील. त्याने ते सारे ऐकून लिहून घेतले आणि १९५६ मध्ये त्याचे पुस्तक निघाले. ब्रिटनमधील मौखिक इतिहासाच्या आरंभीच्या ग्रंथांत त्याची गणना होते. विशेष म्हणजे एव्हान्सला कानांनी नीट ऐकू येत नसे.

ही रीत पुढे शहरांतही पोहोचली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन शहरात एक जुनी स्पाची इमारत होती. १९७२ मध्ये ती जुगारगृहासाठी देण्याचा बेत झाला, तेव्हा आसपासच्या रहिवाशांनी तेथे बालवाडी मागितली आणि या मागणीसाठी ‘क्वीनस्पार्क’ नावाचे पत्रक काढले. त्यातूनच पुढे त्याच नावाची प्रकाशनसंस्था उभी राहिली. ज्यांनी यापूर्वी पत्रापलीकडे काही लिहिले नव्हते, अशा माणसांच्या बालपणीच्या आठवणी तिने छापल्या. इमारतीत अखेर बालवाडी आली.

स्वाध्याय

१. पिठाचे पोते खुर्चीवर का ठेवले जात असावे? तुमच्या शब्दांत लिहा.
२. गायरानाला कुंपण पडल्याने वाडीतील लोकांच्या जगण्यात कोणता बदल झाला?
३. फ्लोराच्या पुस्तकातील मौन आणि चर्चच्या वहीतील नोंद यांची तुलना करा.
४. तुमच्या परिसरातील एखाद्या वृद्ध व्यक्तीला तिने लहानपणी केलेल्या, पण आता कोणी करीत नाही अशा एका कामाविषयी विचारा. त्या कामाची अवजारे आणि त्यांची नावे तिच्याच शब्दांत लिहून घ्या.