शरीरांतील गंज व त्यावरील गोळ्या

पावसाळ्यांत उघड्यावर राहिलेल्या नांगराच्या फाळास चार दिवसांत गंज चढतो. घाण्याचें तेल उन्हाजवळ उघडें ठेविलें कीं खवट होतें. वांगें चिरून ठेविलें तर त्याच्या फोडी काळ्या पडतात. हे तीन प्रकार दिसावयास निराळे असले तरी तिहींच्या मुळाशीं हवेंतील प्राणवायु आहे. त्याच्या ह्या कृतीस शास्त्रज्ञ ऑक्सिडीकरण म्हणतात. जो प्राणवायु आपणांस जगवितो तोच आपल्या शरीरासही थोडथोडा गंजवितो, ही गोष्ट खरी आहे. आणि ह्याच खऱ्या गोष्टीच्या आधारावर आज 'अँटिऑक्सिडंट' म्हणजे ऑक्सिडीकरणास अटकाव करणाऱ्या गोळ्या विकल्या जातात. देहूरोडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यांत कारखान्यांतून नोकरीस असलेलीं मुलें आपल्या वडीलधाऱ्यांसाठीं अशा गोळ्या प्रेमानें घरीं आणतात. त्यांपासून काय मिळतें व काय मिळत नाहीं, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

गंज कसा चढतो

आपण खाल्लेलें अन्न शरीरांतील पेशींत प्राणवायूच्या साहाय्यानें मंदपणें जळतें व त्यापासून शक्ति मिळते. चुलींत जाळ झाला कीं थोडा धूर व्हावयाचाच. त्याप्रमाणें ह्या ज्वलनांतही प्राणवायूचा अल्पसा अंश अर्धवट राहून अत्यंत चंचल बनतो. अशा चंचल कणांस मुक्त मूलकें म्हणतात. तीं शेजारच्या द्रव्यांतून इलेक्ट्रॉन हिसकावून घेतात, आणि त्यामुळें पेशींचें स्निग्ध आवरण, प्रथिनें व आनुवंशिक गुण वाहणारें सूत्र ह्यांस इजा पोंचते. तंबाखूचा व चुलीचा धूर, प्रखर ऊन आणि कांहीं विषें ह्यांनीं त्यांची संख्या वाढते.

परंतु शरीर ह्या शत्रूपुढें निःशस्त्र नाहीं. जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतल्यास फेस येतो, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. तो फेस म्हणजे आपल्या पेशींतील कॅटॅलेज नांवाचें विकर तें द्रव्य फोडून त्याचें पाणी व प्राणवायु करीत असल्याची खूण होय. अशींच दुसरीं विकरेंही आहेत. त्यांपैकीं सुपरऑक्साइड डिसम्युटेज ह्या विकराचें कार्य अमेरिकेंत मॅककॉर्ड व फ्रिडोविच ह्यांनीं १९६९ सालीं उघडकीस आणिलें. ह्या विकरांस तांबें, जस्त व मँगेनीज हीं द्रव्यें लागतात; आणि अन्नांतून मिळणारीं क व ई जीवनसत्त्वें त्यांच्या जोडीस काम करितात. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. रक्तांतील पांढऱ्या पेशी रोगजंतूंस मारण्यासाठीं हीच मूलकें शस्त्र म्हणून वापरतात. सबब तीं समूळ नाहींशीं करणें हिताचें नाहीं. बांधांत ठेवणें हिताचें आहे.

शेतांतील एक उदाहरण

ऑक्सिडीकरणाची शक्ति किती भयंकर असते हें पाहावयाचें असल्यास पॅराक्वाट ह्या तणनाशकाकडे पाहावें. उन्हांत फवारलें कीं कांहीं तासांतच तण करपूं लागतें. पानांत सूर्यप्रकाशापासून शक्ति तयार होत असतां हें द्रव्य मधूनच इलेक्ट्रॉन उचलून प्राणवायूस देतें, आणि पुनः उचलण्यास मोकळें होतें. त्यामुळें पानांत मूलकांचा पूर येतो. हेंच विष माणसाच्या पोटांत गेल्यास फुप्फुसांत सांठतें व तेथेंही तोच प्रकार चालतो. जो प्राणवायु इतर रोग्यांस तारतो तोच ह्या रोग्याचें नुकसान वाढवूं शकतो. म्हणून डॉक्टर तो अगदीं जरूर पडल्याशिवाय देत नाहींत. ह्या विषावर खात्रीचा उतारा नाहीं. क जीवनसत्त्वादि अँटिऑक्सिडंट द्रव्यें देऊन पाहण्यांत आलीं आहेत, परंतु त्यांनीं रोगी वांचतो असें सिद्ध झालेलें नाहीं. म्हणून हें औषध दुसऱ्या बाटलींत कधींही ओतून ठेवूं नये, कुलुपांत ठेवावें, आणि चुकून घोटभरही पोटांत गेलें तर बरें वाटत असलें तरी वाट न पाहतां रोग्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें.

गोळ्यांची परीक्षा

डेनहॅम हार्मन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९५६ सालीं असें मत मांडलें कीं, वार्धक्य हें ह्या मूलकांनीं केलेल्या नुकसानीचें फळ आहे. त्यावरून, गंजरोधक द्रव्य वरून पुरविल्यास रोग टळतील, ही कल्पना सहजच पुढें आली. कल्पना सुरेख होती. परंतु बियाणें कितीही नांवाजलेलें असलें तरी वाफ्यांत पेरून पाहिल्याशिवाय शहाणा शेतकरी तें सर्व शेतांत पेरीत नाहीं. ह्या गोळ्यांचीही तशी परीक्षा झाली.

फिनलंडमध्यें १९८५ सालीं सुरू झालेल्या प्रयोगांत २९,१३३ धूम्रपानी पुरुष घेण्यांत आले. त्यांपैकीं कांहींस गाजरांत असणारें बीटा-कॅरोटीन रोज २० मिलिग्रॅम, कांहींस ई जीवनसत्त्व, कांहींस दोन्ही व कांहींस नुसती पोकळ गोळी दिली. १९९४ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. बीटा-कॅरोटीन घेणारांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजीं शेंकडा १८ नें अधिक आढळला. अमेरिकेंत १८,३१४ धूम्रपानी व अ‍ॅस्बेस्टॉसचें काम केलेल्या लोकांवर चाललेला असाच प्रयोग जानेवारी १९९६ मध्यें मुदतीपूर्वींच थांबवावा लागला. तेथें बीटा-कॅरोटीन व अ जीवनसत्त्व घेणारांत हा कर्करोग शेंकडा २८ नें अधिक होता. पुढें ३५,००० हून अधिक पुरुषांवर केलेल्या तिसऱ्या प्रयोगांत, रोज ४०० एकक ई जीवनसत्त्व घेणारांत पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग शेंकडा १७ नें अधिक असल्याचें २०११ सालीं दिसून आलें.

ह्याच्या उलट निकालही एका ठिकाणीं लागला. चीनमधील लिनशियान परगण्यांतील लोकांच्या आहारांत जीवनसत्त्वांची मोठी वाण होती. तेथें सुमारें ३०,००० लोकांवर प्रयोग होऊन, बीटा-कॅरोटीन, ई जीवनसत्त्व व सेलेनियम मिळालेल्यांत मृत्यूचें प्रमाण शेंकडा ९ नें घटल्याचें १९९३ सालीं प्रसिद्ध झालें.

ह्या विरोधाचा उलगडा शेतकऱ्यास अवघड वाटूं नये. ज्या भातखाचरांत जस्ताची उणीव आहे तेथें झिंक सल्फेट घातल्यास पीक तरारतें. जेथें उणीव नाहीं तेथें पैसा मातींत जातो, आणि अतिरेक केल्यास रोपास बाधाही होते. शरीराचेंही तसेंच आहे. उणीव भरून काढणें निराळें आणि भरल्या पोटीं वरून ओतणें निराळें. धूम्रपान करणाराच्या फुप्फुसांत तर धुराच्या योगानें बीटा-कॅरोटीन स्वतःच मोडून अपायकारक द्रव्यें बनत असावीं, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगांत, क व ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा घेणाऱ्या तरुणांस व्यायामापासून मिळणारा एक लाभ, म्हणजे शरीरानें साखर नीट वापरण्याची सुधारणा, मिळाला नाहीं. मेहनतीनें होणारें थोडें ऑक्सिडीकरण हेंच शरीरास आपलें संरक्षण वाढविण्याची सूचना देतें. गोळीनें ती सूचनाच पुसली गेली.

मग करावें काय?

पहिली गोष्ट, गंजाचें मूळ तोडावें. विडी, तंबाखू व मिश्री सोडणें, चुलीचा धूर घराबाहेर काढणें आणि फवारणीच्या वेळीं तोंड व हात झांकणें, ह्यांची बरोबरी कोणतीही गोळी करूं शकत नाहीं. विडी चालू ठेवून बीटा-कॅरोटीनची गोळी घेणें तर उघड धोक्याचें आहे.

दुसरी गोष्ट, शरीरास लागणारीं द्रव्यें अन्नांतून द्यावीं. प्रौढ पुरुषास रोज ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरें, असें हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें ठरविलें आहे. आणि १०० ग्रॅम पेरूंत तें सुमारें २०० मिलिग्रॅम असतें. म्हणजे बांधावरील अर्धा पेरू दिवसाची गरज भागवितो. आंवळा, शेवग्याचा पाला, कोथिंबीर ह्यांतही तें भरपूर आहे. मात्र पाला फार वेळ शिजवूं नये. मावळांत वडगांवच्या भात संशोधन केंद्रांतून १९८७ सालीं निघालेला इंद्रायणी तांदूळ घरोघर शिजतो. तो गिरणींत फार पांढरा करून घेतल्यास कोंड्याबरोबर ई जीवनसत्त्व व इतर पोषक द्रव्यें निघून जातात. म्हणून घरापुरता तांदूळ कमी सडावा. तेल थंड व अंधाऱ्या जागीं झांकून ठेवावें, आणि तळणीचें तेल पुनः पुनः तापवूं नये.

तिसरी गोष्ट, हा लेख वाचून डॉक्टरांनीं दिलेलें औषध मात्र कोणीं बंद करूं नये. गरोदर स्त्रियांस देण्यांत येणाऱ्या लोहाच्या व फॉलिक आम्लाच्या गोळ्या निराळ्या आहेत व त्या अवश्य घेतल्या पाहिजेत. म्हातारपणीं दृष्टिपटलास होणाऱ्या एका विशिष्ट विकारांत कांहीं ठराविक जीवनसत्त्वें व जस्त उपयोगी पडतात, हेंही सिद्ध झालें आहे. परंतु तो निर्णय नेत्रवैद्याचा आहे. कर्करोगावर उपचार चालू असतांना कोणतीही अशी गोळी घेण्यापूर्वीं वैद्यास विचारावें.

मातीची तपासणी केल्याशिवाय खत घालूं नये, हें आपण आतां शिकलों आहों. तोच नियम आपल्या देहास लावावा. मुलानें आणलेल्या डबीचा अव्हेर करूं नये. परंतु ती उघडण्यापूर्वीं डॉक्टरांस दाखवावी, आणि पुढील महिन्यापासून त्याच पैशांचीं फळें आणावयास त्यास सांगावें.