कागदाच्या मांडणीची मूलतत्त्वे : अर्जापासून अहवालापर्यंत

आपल्या निवासी शाळेच्या कार्यालयात वर्षभर कागदांची ये-जा चालू असते. जूनमध्ये प्रवेशाचे अर्ज येतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेले पालक, आपण परत येईपर्यंत लेकरू वसतिगृहात राहू द्यावे, अशी विनंती लिहून देतात. माजी विद्यार्थी नोकरीसाठी तयार केलेले परिचयपत्र दाखवायला येतात. गावोगावच्या बुद्धविहार समित्या जयंतीच्या निमंत्रणपत्रिका आणि जमाखर्चाचे अहवाल पाठवतात. हे सारे कागद वाचताना एक गोष्ट आमच्या सातत्याने लक्षात आली आहे. आपल्या माणसांकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते आणि ते खरेही असते. परंतु कागदावर ते अशा रीतीने उतरते की वाचणाऱ्याला ते सापडत नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याविषयीचा हा छोटा पाठ आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हा पाठ आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीचा शिष्यवृत्तीचा अर्ज ‘माहिती अपूर्ण’ असा शेरा घेऊन परत आला. तिचे आईवडील कारखान्याच्या फडावर होते, म्हणून तो अर्ज आम्हीच लिहून दिला होता. आम्ही तो पुन्हा वाचला. माहिती अपूर्ण नव्हती. जातीच्या दाखल्याचा क्रमांक एका लांबलचक परिच्छेदाच्या पोटात होता, बँकेच्या खात्याचा क्रमांक दुसऱ्या पानावर होता आणि नेमकी मागणी सर्वांत शेवटी, सहीच्या वर होती. आरंभीची अर्धी जागा नम्रतेच्या वाक्यांनी भरली होती. आम्ही एकही नवी बाब न घालता तोच मजकूर एका पानात पुन्हा मांडला. मुदत संपण्यास दोन दिवस असताना तो दाखल झाला आणि मंजूर झाला. मजकूर तोच होता. बदलली होती ती केवळ मांडणी. त्या दोन दिवसांवर एका मुलीचे वर्ष अवलंबून होते, हे आम्ही विसरलेलो नाही.

मांडणीची परंपरा आपलीच

मांडणी हा संगणकाबरोबर आलेला नवा शौक आहे, असा समज असेल तर तो दूर व्हावा. सम्राट अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात गिरनारच्या प्रस्तरावर आपले चौदा लेख कोरविले. त्यांतील पहिले बारा लेख दोन रकान्यांत आहेत; रकान्यांच्या मधोमध उभी रेघ आहे आणि एक लेख संपून दुसरा सुरू होतो तेथे आडवी रेघ ओढलेली आहे. एक विषय कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला, हे वाचणाऱ्याला डोळ्यांनीच कळावे, ही दृष्टी त्या कोरणाऱ्यांना होती. चौदाव्या लेखात तर सम्राटाने स्वतः सांगितले आहे की काही लेख संक्षिप्त, काही मध्यम आणि काही विस्तृत आहेत. आणि कोठे काही अपुरे राहिले असल्यास त्याला जागा किंवा लिपिकराची चूकही कारण असू शकेल. जागेचा विचार आणि लिहिणाऱ्याची जबाबदारी, या दोन्ही गोष्टी त्या लेखात आलेल्या आहेत. याच लेखमालेतील आठव्या आणि नवव्या लेखाचे तुकडे आपल्या महाराष्ट्रात सोपारा येथे सापडले आहेत.

आपल्या बीड जिल्ह्यातही असे एक उदाहरण आहे. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१-१६१५) सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा वस्त्रावर ‘पंचीकरण’ हा विषय ओव्या आणि आकृत्यांच्या साहाय्याने लिहून काढला. हीच ती प्रसिद्ध पासोडी. त्यातील अध्यात्म आपल्या विचाराचे नाही. तरीही अवघड विषय आकृतीने सोपा करून दाखवावा आणि एवढ्या मोठ्या पटावर तो ओळीने बसवावा, ही कारागिरी कोणीही शिकून घ्यावी अशीच आहे.

आणि बाबासाहेबांचे उदाहरण तर आपल्या घरचेच आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ आणि ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ सुरू करणाऱ्या बाबासाहेबांना छापील पानाची किंमत ठाऊक होती. १९४७ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन या दृष्टीने पाहावे. त्यात मागण्या अनुच्छेद, कलमे आणि उपकलमे अशा क्रमाने आधी येतात; त्यांच्यामागील कारणमीमांसा परिशिष्टात स्वतंत्रपणे येते. वाचणाऱ्याला काय हवे आहे ते प्रथम कळते. का हवे आहे ते पुढे सविस्तर मिळते. आमच्या त्या फसलेल्या अर्जात हाच क्रम उलटा झाला होता.

चार तत्त्वे

अमेरिकेतील लेखिका रॉबिन विल्यम्स यांनी १९९४ साली, मांडणीचे शिक्षण न घेतलेल्या लोकांसाठी लिहिलेल्या एका पुस्तकात चार तत्त्वे सांगितली. आज जगभर ती शिकविली जातात. आपल्या भाषेत ती अशी सांगता येतील.

पहिले तत्त्व जवळिकीचे. ज्या बाबी एकमेकींशी संबंधित आहेत त्या जवळ ठेवाव्यात आणि ज्या नाहीत त्यांच्यात अंतर सोडावे. निमंत्रणपत्रिकेत दिनांक वर, वेळ मध्ये आणि स्थळ तळाशी असे विखुरलेले असेल तर पाहुण्याला तीनदा शोधावे लागते. हे तिन्ही एका ठिकाणी ओळीने द्यावे. शीर्षक आणि त्याखालचा मजकूर यांच्यात कमी जागा असावी, शीर्षकाच्या वर मात्र अधिक; म्हणजे ते शीर्षक कोणत्या मजकुराचे, याविषयी शंका राहत नाही. रिकामी जागा वाया गेली असे मानू नये. दोन वाफ्यांमधला बांध पीक देत नाही, म्हणून तो कोणी मोडीत नाही.

दुसरे तत्त्व एका रेषेत ठेवण्याचे. पानावरील प्रत्येक बाब कोणत्यातरी अदृश्य रेषेला टेकलेली असावी. काही ओळी मध्यावर, काही डावीकडे, काही उजवीकडे असे झाले की पान विस्कटलेले दिसते. अर्ज, अहवाल आणि परिचयपत्र यांत मजकूर डावीकडून एका रेषेत सुरू करावा. मध्यावर मांडणी पत्रिकेच्या शीर्षकाला शोभते. पूर्ण परिच्छेदाला नाही. जमाखर्चाच्या तक्त्यात आकडे उजवीकडे टेकवावेत, म्हणजे एककाखाली एकक आणि दशकाखाली दशक येईल. असे केले की बेरजेतील चूक लपत नाही, आणि देणगीदारांचा विश्वास तेथूनच सुरू होतो.

तिसरे तत्त्व पुनरावृत्तीचे. एकदा ठरविलेली रीत शेवटपर्यंत पाळावी. पहिले उपशीर्षक ठळक आणि सोळा पॉइंटचे असेल तर सर्व उपशीर्षके तशीच असावीत. दिनांक एके ठिकाणी आकड्यांत आणि दुसरीकडे शब्दांत, असे करू नये. वीस पानांच्या अहवालात ही शिस्त वाचकाला वाट दाखवते.

चौथे तत्त्व भेदाचे. जे महत्त्वाचे ते स्पष्टपणे वेगळे दिसावे. तेरा पॉइंटच्या मजकुरावर चौदा पॉइंटचे शीर्षक दिल्यास तो भेद नसून चूक वाटते. फरक करायचा तर तो ठसठशीत करावा. मात्र सर्वच ठळक केले तर काहीच ठळक उरत नाही. जयंतीच्या अनेक पत्रकांत प्रत्येक ओळ वेगळ्या रंगात आणि वेगळ्या अक्षरात असते. अशा वेळी आपला धम्मध्वज आठवावा. १८८५ साली कोलंबोत प्रथम फडकलेल्या या ध्वजात निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि केशरी असे पाच रंग आहेत. तरीही तो डोळ्यांना खुपत नाही, कारण प्रत्येक रंगाला स्वतःचा सरळ पट्टा आणि ठरलेली जागा आहे. सहाव्या पट्ट्यात ते एकत्र येतात, तेही क्रमानेच.

देवनागरीची खास पथ्ये

मांडणीची बहुतेक पुस्तके इंग्रजी अक्षरे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहेत. आपल्या लिपीची गरज थोडी वेगळी आहे, म्हणून पुढील पथ्ये पाळावीत.

देवनागरीत वेलांट्या, मात्रा आणि रफार शिरोरेषेच्या वर जातात. उकार आणि ऋकार खाली उतरतात. म्हणून दोन ओळींत इंग्रजीपेक्षा अधिक अंतर लागते. साधारणपणे दीडपट अंतर ठेवावे. शब्दांखाली रेघ ओढल्यास ती उकारांना छेदते. महत्त्व दाखवायचे तर अक्षर ठळक करावे. अक्षरांमध्ये कृत्रिम अंतर वाढवू नये, त्याने शिरोरेषा तुटते. तिरपी अक्षरे ही रोमन लिपीची रीत आहे. मराठीत ती शक्यतो टाळावीत. अरुंद रकान्यात दोन्ही कडा जुळविण्याचा अट्टहास केला तर शब्दांत मोठमोठी भगदाडे पडतात, म्हणून तेथे उजवी कडा मोकळी सोडावी.

अक्षरांचा संच, म्हणजेच फॉन्ट, युनिकोडमधला असावा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर किंवा मोबाइलवर उघडला की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे दिसतात. नोकरीच्या अर्जाचे असे झाले तर तो वाचलाच जात नाही. विंडोजमधील ‘मंगल’ हा संच नामवंत सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडविला. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा संच विनामूल्य मिळतो. एका कागदात दोनपेक्षा अधिक संच वापरू नयेत. मजकुरासाठी बारा ते चौदा पॉइंट आणि शीर्षकासाठी अठराच्या आसपास आकार पुरेसा होतो.

ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर उंच असतो. चारही बाजूंना सुमारे अडीच सेंटिमीटर समास सोडावा. डावीकडे थोडा अधिक, कारण शासकीय नस्तीत कागद तेथेच टोचला जातो आणि समास नसेल तर ओळींची पहिली अक्षरे टाक्याखाली जातात. कागद पाठविण्यापूर्वी त्याची एक काळी-पांढरी झेरॉक्स काढून पाहावी. पांढऱ्यावरील पिवळी अक्षरे तेथे नाहीशी होतात. गडद निळी टिकतात. छायाचित्र मोठे करताना कोपऱ्याला धरूनच ओढावे. बाजूने ताणल्यास आपल्या महापुरुषांचे चेहरे रुंद किंवा लांबट होतात, आणि तो अनादर कोणाच्याच मनात नसतो.

एक अर्ज मांडून पाहू

समजा, ऊसतोडीला जाणाऱ्या पालकाला हंगामापुरती पाल्याची वसतिगृहात सोय हवी आहे. कागद पुढील क्रमाने भरावा. उजवीकडे वर दिनांक. डावीकडे ‘प्रति’ आणि त्याखाली अधिकाऱ्याचे पदनाम व पत्ता, सलग तीन ओळींत. एक ओळ मोकळी. मग ठळक अक्षरांत विषय, आणि त्याच ओळीत मागणी : ‘इयत्ता सहावीतील पाल्यास ऑक्टोबर ते एप्रिल वसतिगृहात प्रवेश मिळण्याबाबत.’ त्यानंतर पहिल्या परिच्छेदात आपण कोण व काय हवे, हे दोन वाक्यांत. दुसऱ्यात कारण : कोणत्या काळात गाव सोडावे लागते, घरी सांभाळणारे कोण आहे किंवा नाही. त्याखाली लहानसा दोन रकान्यांचा तक्ता : विद्यार्थ्याचे नाव, जन्मदिनांक, इयत्ता, दाखल्याचा क्रमांक, पालकाचा संपर्क. शेवटी सोबत जोडलेल्या कागदांची क्रमवार यादी आणि उजवीकडे सही.

यात जवळीक आहे, कारण पत्ता, तक्ता आणि यादी आपापल्या जागी एकत्र आहेत. सरळ रेषा आहे, कारण दिनांक आणि सही सोडून सारे डावीकडे टेकलेले आहे. यादीतील क्रमांक आणि तक्त्यातील ओळी यांत पुनरावृत्ती आहे. आणि भेद एकाच ठिकाणी आहे, विषयाच्या ओळीत. कारण अधिकाऱ्याने निदान तेवढे वाचावेच, असे आपल्याला वाटते.

लिहून झाल्यावर कागद हातभर अंतरावर धरून डोळे किंचित मिटून पाहावे. काय उठून दिसते? मागणी दिसत असेल तर मांडणी साधली. मग तो घरातील दुसऱ्या कोणाला तरी द्यावा आणि विचारावे, ‘यात काय मागितले आहे?’ उत्तर लगेच आले नाही तर दोष वाचणाऱ्याचा नव्हे. कागद पुन्हा मांडावा.

ज्या समाजाला शतकानुशतके लेखणीपासून दूर ठेवले गेले, त्याच्या हातची विनंती नीटनेटकी असणे ही केवळ शोभेची बाब नाही. आपला हक्क आपण स्पष्ट शब्दांत आणि योग्य जागी मांडला, तर तो नाकारणाऱ्यालाही तितकेच स्पष्ट कारण द्यावे लागते. शाळेच्या संगणक कक्षात आठवी ते दहावीच्या मुलामुलींकडून आम्ही हा सराव करून घेतो. त्यांतील कितीतरी जण आज सुट्टीत गावी गेल्यावर आईवडिलांचे आणि शेजाऱ्यांचे अर्ज लिहून देतात. माजी विद्यार्थ्यांना आमची एकच विनंती आहे : आपापल्या वस्तीत, विहारात महिन्यातून एक दिवस बसा आणि कोणाचा तरी एक कागद नीट मांडून द्या. शाळेने आपल्याला जे दिले, त्याची ही परतफेड लहान दिसली तरी कोणाचे तरी एक वर्ष वाचविणारी ठरेल.