तामागावा कालवा : उताराचा एक धडा



पाट काढण्याआधी लेव्हल बघा, असे आम्ही बांधावर येऊन सांगतो, तेव्हा पुष्कळजण "डोळ्याला दिसतोय की उतार" म्हणून मोकळे होतात. म्हणून या अंकात जपानमधील एका जुन्या कालव्याची हकीगत देत आहे.

आजचे टोकियो म्हणजे पूर्वीचे एदो. समुद्राकाठी भराव घालून शहर वाढले, पण तिथल्या विहिरींचे पाणी मचूळ. तेव्हा 1653 साली तामा नदीचे पाणी हामुरा येथे अडवून योत्सुयापर्यंत 43 किलोमीटरचा उघडा कालवा खोदला. शोएमोन व सेइएमोन या दोघा भावांनी हे काम अंगावर घेतले आणि सुमारे आठ महिन्यांत पुरे केले.

आता हिशेब पाहा. एवढ्या लांबीत एकूण उतार फक्त 92 मीटर. म्हणजे सरासरी शंभर फुटांना जेमतेम अडीच इंच! उतार जास्त झाला तर तळ-काठ धुपतात, कमी झाला तर गाळ बसतो. आजची यंत्रे नसताना त्यांनी हे साधले.

दुसरी गोष्ट, कालवा पठाराच्या उंच धारेवरून नेला. एकदा सखलात उतरलेले पाणी परत वर चढत नाही. धारेवरून नेल्यामुळे पुढे दोन्ही अंगांना फाटे काढता आले. 1655 चा नोबिदोमे पाट त्यातलाच. अशा फाट्यांमुळे कोरड्या माळावर गावे वसली, शेती झाली.

तिसरी गोष्ट जमिनीच्या पारखेची. आधीचे प्रयत्न फसले, असे सांगतात. फुस्सा येथे पाणी सोडले की सगळे जमिनीत मुरे. त्या जागेला 'पाणी खाणारी माती' असे नावच पडले. झालेले काम टाकून मार्ग बदलावा लागला. पैसा संपला तेव्हा भावांनी आपली घरेदारे विकली, अशीही कथा आहे. पुढे सरकारने त्यांना 'तामागावा' हे आडनाव दिले. कालव्याचा वरचा भाग आजही टोकियोच्या पाणीपुरवठ्याच्या कामी येतो.

तेव्हा मंडळी, लागणीआधी तीन गोष्टी करा. लेव्हल घ्या, मुख्य पाट रानाच्या उंच अंगाने काढा आणि मुरमाड पट्टा असेल तर तो टाळा किंवा तिथे पाइप टाका. लेव्हल घ्यायला एक दिवस जातो. चुकीचा पाट मात्र दर पाळीला पाणी खातो.