आपोआप लागणाऱ्या घड्याळाची कैफियत

अमेरिकेत मार्च महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळ एक तास पुढे न्यावे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते तितकेच मागे आणावे, असा कायदा आहे; आणि ज्या गृहस्थाच्या घरी बैठकीच्या भिंतीपासून स्वयंपाकघरातल्या ओव्हनपर्यंत ठायी ठायी घड्याळे आहेत, त्याला या कायद्याची तामिली करण्यासाठी वर्षातून दोनदा शनिवारी रात्री घरभर हिंडावे लागते. मला या कामाचा कधीही कंटाळा आला नाही. कंटाळा आला तो आमच्या चिरंजिवांना, आणि तोही माझ्या वतीने. "बाबा, ही कामे आता घड्याळे स्वतःच करतात," असे सांगून त्यांनी मला न्यू जर्सीतल्याच एका मोठ्या दुकानात नेले. आणि पुढे जे घडले ते येथे सविस्तर नमूद करण्याचे कारण इतकेच, की त्या प्रकरणात माझी बाजू ऐकून घेण्याची तसदी आजवर कोणी घेतलेली नाही.

दुकानातल्या विक्रेत्याने, उपवर मुलाची स्थळे सांगत फिरणाऱ्या मध्यस्थाच्या उत्साहाने, त्या उशाशी ठेवायच्या घड्याळाचे गुणवर्णन केले. वेळ आणि तारीख कारखान्यातच भरलेली, आपण फक्त आपला टाइम झोन निवडायचा, वीज गेली तरी आतल्या लहानशा बॅटरीवर स्मरण कायम, आणि डेलाइट सेव्हिंगचा बदल, त्याच्याच शब्दांत सांगायचे तर, "तुम्ही झोपेत असताना." काटे मागेपुढे करण्याची कळ कोठे आहे, असे मी विचारले, तेव्हा तिची गरजच पडणार नाही असे उत्तर मिळाले. तो प्रश्न मी विचारला होता, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

उन्हाळा निर्विघ्न गेला. ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी आम्ही उभयता दिवाळीच्या फराळासाठी दिवसभर बाहेर होतो, रात्री उशिरा परतलो आणि निजलो. सोमवारी सकाळी नऊ वाजता मला नेत्रतज्ज्ञांकडे जायचे होते. ती भेट मिळण्यासाठी अनेक महिने वाट पाहिलेली होती. उशाचे घड्याळ आठ दाखवीत असताना मी सावकाश चहा घेत बसलो होतो, आणि त्याच वेळी बैठकीतले लंबकाचे घड्याळ, जे गिरगावातल्या आमच्या घरातून समुद्र ओलांडून माझ्याबरोबर आले, टोले देऊ लागले. मी मोजले. नऊ भरले. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, त्याचं आता वय झालंय," आणि हा निकाल मूळचा चिरंजिवांचा असल्याने त्यावर अपील नव्हते. परंतु ज्या घड्याळाला मी दर रविवारी स्वहस्ते चावी देतो त्याचा स्वभाव मला ठाऊक आहे: थंडीत लंबकाची धातूची दांडी किंचित आखडते म्हणून ते थोडे पुढे धावते, उन्हाळ्यात थोडे रेंगाळते, पण एका रात्रीत बरोबर साठ मिनिटांची उडी मारणे हे त्याच्या प्रकृतीतच नाही. घड्याळ बिघडले म्हणजे मिनिटांनी चुकते. ते नेमके एका तासाने चुकते, तेव्हा कोणाच्या तरी हुकुमावरून चुकत असते. मी मोबाइल बाळगत नाही, म्हणून उठून रेडिओ लावला, तो नऊच्या बातम्या सुरू झालेल्या. भिंतीवरचे घड्याळ निर्दोष होते, आणि मीही.

दवाखान्यात पोहोचलो तेव्हा स्वागतिकेने अत्यंत गोड आवाजात भेट रद्द झाल्याचे, पुढली तारीख नव्या वर्षातली असल्याचे आणि न आल्याबद्दलचे शुल्क मात्र भरावे लागेल असे सांगितले. मी तिच्यासमोर उभा होतो, तरी दप्तरी मी आलेलो नव्हतो!

घरी येऊन मी त्या घड्याळाचे सूचनापत्र भिंगाखाली धरले. बदलाच्या तारखा छापलेल्या होत्या: एप्रिलचा पहिला रविवार आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. या तारखा एके काळी खऱ्या होत्या. 1987 पासून 2006 पर्यंत त्यांचाच अंमल होता. मात्र 2005 च्या ऊर्जाविषयक कायद्याने त्या बदलल्या आणि 2007 पासून आजच्या तारखा लागू झाल्या. माझ्या उशाशी असलेल्या यंत्राला मात्र 2007 साल उजाडलेच नव्हते, आणि ते उजाडावे अशी सोयही त्यात कोणी ठेवलेली नव्हती. असे घड्याळ वसंतात तीन ते चार आठवडे आणि शरदात एक आठवडा बिनचूक खोटे बोलते. आणि मार्चमध्ये आपण ते कसेबसे पुढे केलेच, तर एप्रिलमध्ये ते आज्ञाधारकपणे आणखी एक तास पुढे जाते.

दुकानातले जाबजबाब मी विसरू म्हटले तरी विसरणार नाही. प्रथम मी टाइम झोन चुकीचा निवडला असा आरोप झाला. झोन बरोबर निघाला. मग वरिष्ठांना पाचारण झाले. त्यांनी घड्याळ उलटसुलट करून पाहिले आणि शांतपणे मखलाशी केली, की घड्याळ आपोआप बदलते असे वेष्टनावर म्हटले आहे आणि ते आपोआप बदललेही आहे. कोणत्या दिवशी बदलेल याचे आश्वासन वेष्टनावर कोठे आहे? कारखान्याच्या मदतकेंद्राने तर याहून बहारीचा तोडगा सुचविला: त्या आठवड्यांपुरता पूर्वेकडचा पुढला टाइम झोन निवडावा. म्हणजे न्यू जर्सीतल्या माणसाने दरसाल महिनाभर नोव्हा स्कोशियाचे रहिवासी व्हावे, आणि दोनदा करायचे काम चारदा करावे. चिरंजीव या सर्व काळात खिडकीबाहेर पाहत होते.

वेळेवरून सरकारात आणि प्रजेत झालेल्या झटापटी मला नव्या नाहीत. 1906 साली भारताची प्रमाणवेळ ठरली तरी मुंबईने तिच्याहून 39 मिनिटे मागे असलेली आपली स्वतंत्र वेळ 1955 पर्यंत सोडली नाही, आणि महायुद्धात 1942 ते 1945 या काळात तर देशभरची घड्याळे तासभर पुढे होती. या घालमेलीत आमचे वडील कोणत्या कचेरीत कोणती वेळ चालते याचा हिशेब तोंडपाठ ठेवीत. पण त्या हिशेबात काटे माणसाच्या हातात होते. अमेरिकेतल्या सिनेटने 2022 च्या मार्चमध्ये उन्हाळी वेळ कायम करण्याचे विधेयक एकमताने मंजूर केले आणि प्रतिनिधिगृहाने ते पुढे नेले नाही. उद्या असा कायदा झालाच, तर आजच्या तारखा पोटात घेऊन बसलेली सारी घड्याळे माझ्या घड्याळाच्याच वाटेने जातील.

म्हणून आपोआप लागणारे घड्याळ घ्यायचेच असेल, तर तो आपोआपपणा बंद करण्याची कळ त्यावर आहे की नाही, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. ॲरिझोनाचा बहुतेक भाग आणि हवाई ही उन्हाळी वेळ पाळतच नाहीत, त्यामुळे चांगल्या घड्याळांवर अशी कळ असते. त्याहून बरे म्हणजे रेडिओसंकेतावर चालणारे घड्याळ. कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सजवळच्या सरकारी केंद्रातून 60 किलोहर्ट्झवर अहोरात्र वेळ प्रक्षेपित होते आणि त्या संकेतातच उन्हाळी वेळ चालू आहे की नाही याची वर्दी असते. तेव्हा कायदा बदलला तरी घड्याळाला त्याची खबर लागते. आमच्यासारख्या पूर्व किनाऱ्यावरच्या लोकांनी हे घड्याळ पश्चिमेच्या खिडकीशी, टीव्हीपासून दूर ठेवावे. संकेत रात्रीच नीट पोहोचतो, म्हणून रविवारी सकाळी ते जुनीच वेळ दाखवीत असेल तर आणखी एक रात्र थांबावे, लगेच बॅटऱ्या उपसू नयेत.

टोल्यांच्या जुन्या घड्याळाच्या बाबतीत एकच गोष्ट जिवापाड सांभाळावी: टोले मोजून देणारे चक्र ज्यात आहे, त्याचे काटे मागे फिरवू नयेत. काटे मागे जातात, टोले जात नाहीत, आणि मग तीन वाजता चार पडू लागतात. नोव्हेंबरात लंबक हाताने थांबवून तासाभराने पुन्हा हलवावा. तेवढा वेळ खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचावे. मार्चमध्ये काटा पुढे नेताना अर्ध्यावर आणि तासावर थांबून टोला पुरा होऊ द्यावा. घड्याळ मागे पडत असेल तर लंबकाच्या तळाचा स्क्रू फिरवून गोळा केसभर वर घ्यावा. कुकू घड्याळालाही हाच न्याय. ओव्हनचे घड्याळ लावण्याची रीत प्रत्येक कंपनीची निराळी असते. त्याबाबत धीर धरावा, दुसरे काय सांगणार.

भारतातल्या नातलगांना मार्चमध्ये आठवण द्यावी, कारण तिकडचे घड्याळ हलत नाही. रविवारी रात्री आठला इथून केलेला फोन हिवाळ्यात पुण्यात सोमवारी सकाळी साडेसहाला वाजतो आणि उन्हाळ्यात साडेपाचला. आमच्या ताईने याबद्दल मला जे सुनावले ते येथे देत नाही.

सूचनापत्र खरेदीपूर्वी वाचायला मागावे. विक्रेत्याचा चेहरा त्या वेळी पाहण्यासारखा होतो. आणि पावती जपावी. माझ्याकडे ती होती, म्हणूनच बऱ्याच वादावादीनंतर पैसे परत मिळाले, तेही रोख नव्हे, त्याच दुकानाच्या कूपनाच्या रूपाने. त्याची मुदत कधी संपते हे त्यावर ठळक छापलेले आहे. दवाखान्याचे शुल्क मात्र मीच भरले; चिरंजिवांनी विषय काढला नाही, आणि मीही अजून काढलेला नाही.