आधी प्रश्न, मग सुई



हल्ली मैदानावरून थेट दवाखान्यात येणारे आईबाबा वाढले आहेत. कुणाची मुलगी जिल्ह्याकडून पळते, कुणाचा मुलगा तालमीत घाम गाळतो, कुणी पोहतंय, कुणी कबड्डीत चढाया मारतंय. मागणी मात्र सगळ्यांची एकच असते, "मॅडम, एकदा सगळंच करून टाका ना. फुल बॉडी." सोबत फोनवर जाहिरात दाखवतात. खेळाडूंसाठी खास पॅकेज, सत्तर-ऐंशी चाचण्या, घरी येऊन रक्त नेणार, वर सवलत.

तुमची काळजी अगदी रास्त आहे. पहाटे पाचला उठून सराव, मग शाळा, मग क्लास, संध्याकाळी पुन्हा मैदान. एवढं सगळं त्या कोवळ्या अंगाला झेपतंय का, हे कुणाला तरी विचारावंसं वाटणारच. रक्त त्यातल्या काही प्रश्नांची फार चांगली उत्तरं देतं. पण प्रश्न आपण घेऊन जायचा असतो.

आधी थोडं गणित. रिपोर्टवर आकड्याशेजारी 'नॉर्मल रेंज' छापलेली असते. साधारणपणे निरोगी माणसांपैकी ९५ टक्के लोकांचे आकडे ज्या मर्यादेत बसतात, ती ही रेंज. म्हणजे ठणठणीत माणसांतलेही ५ टक्के तिच्या बाहेर असणार. वीस चाचण्या केल्या की काही आजार नसताना एखादा आकडा ठळक अक्षरांत येणार, ऐंशी केल्या की तीन-चार. मग त्यांच्यासाठी आणखी चाचण्या, सोनोग्राफी, घरभर घोर आणि मुलाच्या डोक्यात कायमचं बसलेलं, 'माझ्यात काहीतरी गडबड आहे.' त्यात कित्येकदा रेंज छापलेली असते मोठ्यांची. वाढत्या वयाच्या मुलांत अल्कलाइन फॉस्फेटेज हे हाडांशी संबंधित एन्झाइम जास्तच असतं, कारण हाडं वाढत असतात. मोठ्यांच्या रेंजमध्ये ते 'हाय' दिसतं आणि आई रात्रभर जागते.

मग उपयोगाचं काय? मुलींच्या बाबतीत तर मी पहिलं बोट लोहावर ठेवते.

समजा, तुमची चौदा वर्षांची मुलगी पंधराशे मीटर पळते. दोन महिन्यांपासून तिची वेळ घसरतेय. सर म्हणतात, मेहनत कमी पडतेय. ती म्हणते, शेवटच्या फेरीत पायच उचलत नाहीत. तुम्ही सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करता आणि हिमोग्लोबिन येतं १२.३. या वयाच्या मुलींसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १२ आहे. "बघा, रक्त तर चांगलं आहे," म्हणून कागद कपाटात जातो. त्याच रक्तात फेरिटिन तपासलं असतं तर कदाचित ९ आलं असतं. फेरिटिन म्हणजे शरीरातल्या लोहाचा शिल्लक साठा. तो १५ च्या खाली गेला की लोहाची कमतरता मानतात. खेळाडूंच्या बाबतीत बरेच डॉक्टर ३०-३५ च्या खालीच लक्ष घालायला लागतात. आधी हा साठा आटतो, हिमोग्लोबिन उतरतं ते नंतर. मधल्या काळात पोरगी दमते, चिडचिडते, तिचे केस गळतात आणि आपण तिला आळशी म्हणून मोकळे होतो.

हे दुर्मीळ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला, मुलग्यांमध्ये ३१ टक्के. खेळणाऱ्या मुलीचा लोहाचा खर्च तर वाढीवच. पाळी असते, वाढ चालू असते, घामातून थोडं लोह जातं, कडक रस्त्यावर पळताना तळपायाच्या आघातांनी काही तांबड्या पेशी फुटतात. शिवाय जोरदार व्यायामानंतर तीन ते सहा तासांनी हेप्सिडिन नावाचं एक हॉर्मोन वाढतं आणि ते आतड्यातून लोह आत येऊ देत नाही. म्हणून लोहाचं खाणं सराव आटोपल्या आटोपल्या पोटात गेलेलं बरं. मटकीची उसळ, वर लिंबू पिळून. अळिवाचा लाडू, सोबत आवळा किंवा पेरू. मांसाहार करत असाल तर मटण, मासे. आणि चहा तासभर लांब, कारण चहा त्याच जेवणातलं लोह अडवतो.

गोळ्या मात्र शेजारणीच्या सल्ल्याने नकोत. सीबीसीमध्ये एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा आकार, खूप कमी आणि पेशींची संख्या मात्र भरपूर असेल, तर तो थॅलेसेमिया मायनर हा आनुवंशिक रक्तदोष असू शकतो. त्यात लोहाचा साठा पुरेसा असेल तर वर्षभर गोळ्या खाऊनही आकडा हलत नाही. त्याची तपासणी वेगळी. नंदुरबार, पालघर, गडचिरोलीसारख्या भागांत, विशेषतः आदिवासी कुटुंबांत, सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचीही तपासणी एकदा करून घ्यावी. ती सरकारी रुग्णालयांत होते, २०२३ पासून त्यासाठी राष्ट्रीय मोहीमही चालू आहे. सिकलसेलचा नुसता वाहक असलेला मुलगा खेळू शकतो, उत्तम खेळू शकतो. पण कडक उन्हात, पाणी न पिता, एका दमात जीव तोडून धावणं त्याच्यासाठी धोक्याचं ठरू शकतं. हे त्याच्या सरांना ठाऊक हवं. अमेरिकेत २००६ मध्ये डेल लॉइड हा महाविद्यालयीन फुटबॉलपटू सरावानंतर कोसळून गेला. तो वाहक होता. त्यानंतर तिथल्या विद्यापीठीय क्रीडा संघटनेने वरच्या श्रेणीतल्या खेळाडूंसाठी ही तपासणी नियमात आणली. मुलाला मैदानाबाहेर काढण्यासाठी हे कळायला नको आहे. सावली, पाणी आणि विसावा यांची सोय लागावी, म्हणून हवं आहे.

ड आणि बी-१२ या जीवनसत्त्वांबद्दल थोडक्यात. बॅडमिंटन, टेबल टेनिस, तालीम हे सगळं छपराखाली, पोहणं तर सूर्य उगवण्याआधी. अशा मुलांत ड कमी निघण्याची शक्यता बरीच. शुद्ध शाकाहारी घरात, त्यातून मूल दूधही टाळत असेल तर बी-१२ बघणं शहाणपणाचं. पण ६०,००० युनिटची ड जीवनसत्त्वाची पुडी आठवड्याला एक, अशी ठरावीक आठवडेच घ्यायची असते. ती महिनोन्‌महिने चालू ठेवली तर रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या होतात, मूत्रपिंडाला इजा होते.

आता एक नेहमीची घबराट. पैलवान पोराचा रिपोर्ट येतो, एसजीओटी-एसजीपीटी वाढलेले. घरात लगेच 'कावीळ'! तालीम बंद, तेल-तूप बंद. ही एन्झाइम्स यकृतात असतात तशी स्नायूंतही असतात. आदल्या दिवशी दोनशे बैठका मारल्या असतील तर ती वाढणारच. सीपीके हे स्नायूंचं एन्झाइम तपासलं तर तेही बरंच वाढलेलं दिसेल, आणि ते काही दिवस तसंच राहू शकतं. तीन-चार दिवस विश्रांती देऊन पुन्हा बघा, बहुधा आकडे उतरायला लागलेले असतील. भरदार अंगाच्या मुलात मूत्रपिंडाच्या तपासणीतलं क्रिएटिनिनही जरा वरच असतं. पण सरावानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली, अंग असह्य दुखतंय, तर रिपोर्टची वाट बघू नका, थेट रुग्णालय गाठा.

म्हणूनच रक्त कधी द्यायचं याला फार महत्त्व आहे. स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी नको. सर्दी-तापात नको, कारण तापात फेरिटिन खोटंच फुगतं. वजन उतरवायला पाणी तोडलेलं असताना तर मुळीच नको, कारण रक्त आटतं आणि हिमोग्लोबिन छान दिसतं. याउलट लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या रक्तातला द्रव भाग वाढतो, त्यामुळे पेशी पुरेशा असूनही आकडा थोडा कमी दिसतो. तेव्हा एक-दोन दिवसांची विश्रांती, सकाळची वेळ, भरपूर पाणी आणि दर वेळी शक्यतो तीच प्रयोगशाळा. मुलीची पाळी कधी आली होती, सध्या कोणत्या गोळ्या-पावडरी चालू आहेत, हे डॉक्टरांना सांगा. एकट्या आकड्यापेक्षा मागच्या वर्षीच्या आकड्याशी केलेली तुलना जास्त बोलते. लोहाचे उपचार सुरू केल्यावर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं, दर पंधरा दिवसांनी नव्हे.

'ताकदीचं सलाइन' लावणाऱ्यांपासून सावध राहा. जागतिक उत्तेजकविरोधी नियमांनुसार १२ तासांत १०० मिलीहून जास्त काहीही शिरेतून चढवायला खेळाडूंना बंदी आहे, मग ते लोह असो की साधं ग्लुकोज. रुग्णालयातल्या खऱ्या उपचारांना त्यात सूट आहे. चाचणीत सापडल्यावर 'आम्हाला माहीत नव्हतं' हे चालत नाही आणि खेळाडू अल्पवयीन असला तरी नियम लागू असतो. जिमवाल्या दादाने दिलेल्या पावडरीच्या डब्यांचंही तेच.

आणि जे रक्तात दिसत नाही, त्याचं काय? हृदयाची जन्मजात खोट सीबीसीत कळत नाही. पळताना मूल चक्कर येऊन पडलं असेल, छातीत दुखत असेल किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर खेळ थांबवून आधी हृदयरोगतज्ज्ञांकडे जा. पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नाही किंवा येणारी पाळी तीन महिने थांबली, तर 'खेळाडू आहे, होतं असं' म्हणून सोडून देऊ नका. जेवढी ताकद खर्च होते तेवढं अन्न पोटात जात नसलं की शरीर आधी पाळी बंद करतं, मग हाडं झिजतात, हाडांना बारीक तडे जातात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ पासून याबद्दल सावध केलं आहे आणि मुलग्यांनाही ते लागू आहे. याची सुरुवात बहुतेकदा सरांच्या नाहीतर घरातल्याच एका वाक्याने होते, "जरा वजन कमी कर, मग बघ कशी पळशील."

शेवटी रिपोर्ट हातात पडतो त्या दिवसाबद्दल. कृपा करून त्याची गुणपत्रिका करू नका. "नऊच आलं? अगं, एवढं खायला घालतो तुला!" हे वाक्य मुलीला दोषी ठरवतं आणि पुढच्या वेळी ती थकवा लपवते. कागद तिच्यासमोर ठेवा, काय आलंय ते तिला समजू द्या. नातेवाइकांच्या ग्रुपवर आणि अकॅडमीच्या ग्रुपवर तो टाकू नका. सरांना सांगायचं तर तिला विचारून, तेही गरजेपुरतं. आणि सर रिपोर्टवरून मुलांना संघातून काढायला लागले, तर तुम्ही मध्ये उभं राहा.

माझं म्हणणं एवढंच. प्रयोगशाळेला फोन लावण्याआधी एका चिठ्ठीवर एक ओळ लिहा, ही चाचणी कशासाठी? 'दोन महिन्यांपासून दमते', 'पाळीत फार रक्त जातं', 'पायाचं हाड दुसऱ्यांदा दुखावलं', असं काही सुचलं तर ती चिठ्ठी घेऊन मुलांच्या डॉक्टरांकडे या, दोन-चार चाचण्यांत काम होईल. काहीच सुचलं नाही, तर त्या पॅकेजच्या पैशांत महिनाभराची अंडी, शेंगदाणे, खजूर आणि फळं येतात. ती आणा, आणि पोराला रात्री तासभर जास्त झोपू द्या.