युद्धाची नोंद ठेवणारं करिअर

"सीरियासाठी काम करणाऱ्या संस्थेत जायचं म्हणते. तिकडे बॉम्ब पडतात ना हो?" बारावीतल्या मुलीच्या आईनं विचारलं, तेव्हा तिचा आवाज कापत होता. काळजी रास्तच आहे. पण या संस्थांचं पुष्कळसं काम सीरियाबाहेर, बर्लिन-पॅरिसच्या कचेऱ्यांत बसून चालतं.

सीझर या टोपणनावानं ओळखल्या गेलेल्या सीरियन लष्करी छायाचित्रकारानं सरकारी कोठडीत मेलेल्या माणसांचे हजारो फोटो देशाबाहेर काढले. प्रत्येक मृतदेहाला क्रमांक, नाव कुठेच नाही. त्या क्रमांकांमागची माणसं शोधायची, वाचलेल्यांना बोलतं करायचं, त्यांचे जबाब कोर्टात टिकतील असे नोंदवायचे, हे या संस्थांचं काम. अन्वर अल-बुन्नी हे वकील स्वतः सीरियात पाच वर्षं तुरुंगात होते. पुढे बर्लिनमध्ये राहून त्यांनी छळाच्या खटल्यांसाठी साक्षीदार जमवले. १३ जानेवारी २०२२ रोजी कोब्लेन्झच्या न्यायालयानं अन्वर रसलान या सीरियन गुप्तचर खात्यातल्या माजी अधिकाऱ्याला जन्मठेप दिली. गुन्हे दमास्कसमधले, निकाल जर्मनीत!

'सीरियन आर्काइव्ह'सारख्या संस्था व्हिडिओ तपासतात. चित्रफीत थांबवायची, मशिदीचा मिनार, गच्चीवरची टाकी, सावलीची दिशा उपग्रहाच्या चित्राशी ताडून पाहायची. जागा आणि वेळ पटली तरच तो पुरावा. घाई करणाऱ्यानं इकडे फिरकू नये.

तयारी म्हणाल तर कायद्याची पदवी सर्वांत भक्कम. संगणक किंवा पत्रकारितेतूनही वाट आहे. पण अरबी हवीच. ती दिल्लीच्या जेएनयूत आणि हैदराबादच्या इफ्लूत शिकता येते. वकील, हक्क, कैद, जबाब हे आपले रोजचे शब्द मूळचे अरबीच, त्यामुळे भाषा अगदीच परकी वाटत नाही.

पालकांनो, पैशांचं स्पष्टच सांगते. बऱ्याच नोकऱ्या देणग्यांवर, ठरावीक मुदतीच्या कंत्राटावर असतात. म्हणून हातात पक्की पदवी असू द्या. दिवसभर छळाचे फोटो पाहून झोप उडते, हेही खरं. मुलाखतीतच विचारा, समुपदेशक आहे का? हा प्रश्न विचारण्यात कमीपणा नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये सीरियातली असद राजवट कोसळली, तुरुंग उघडले. लाखाहून अधिक माणसं बेपत्ता असल्याचा अंदाज आहे. गुप्तचर खात्याच्या कचेऱ्यांत कागदांचे ढीग सापडले. ते वाचून एकेका घराला उत्तर देणारी माणसं हवी आहेत.