क्लच दाबायचा की नाही? – गिअरची गाडी आणि ऑटोमॅटिक गाडी



आपल्या वर्गातील काही मुले आता सतरा वर्षांची होतील. सतरा पूर्ण झाले की या देशात मोटार शिकता येते आणि लगेच प्रश्न उभा राहतो : गिअरच्या गाडीवर शिकायचे की ऑटोमॅटिकवर? वॉटफर्डहून रोज कामाला जाणाऱ्या आईबाबांनाही नवी गाडी घेताना हाच प्रश्न पडतो. आमच्या घरीही या विषयावर बरेच दिवस चर्चा चालली होती. म्हणून या पाठात आपण आधी यंत्र समजून घेऊ, मग हिशेब करू आणि शेवटी निर्णयाकडे वळू.

१. गिअर लागतात कशाला?

सायकलवर चढण आली की तुम्ही हलका गिअर टाकता. पाय भराभर फिरतात, सायकल हळू जाते, पण जोर मिळतो. सपाट रस्त्यावर जड गिअर टाकला की पाय सावकाश फिरूनही सायकल वेगाने पळते. मोटारीचेही तसेच आहे. पहिला गिअर जोरासाठी, पाचवा-सहावा वेगासाठी.

पण पेट्रोलच्या इंजिनाची एक अडचण आहे. तुमचे पाय थांबू शकतात, चालू इंजिन मात्र थांबू शकत नाही. मिनिटाला सुमारे ७०० ते ८०० फेरे तरी त्याला घ्यावेच लागतात, नाहीतर ते बंद पडते. सिग्नलला चाके थांबली तरी इंजिन फिरतच असते. मग या दोघांना वेगळे कसे करायचे? त्यासाठी मध्ये क्लचची चकती असते. पेडल दाबले की चकती सुटते, सोडले की घर्षणाने पुन्हा पकडते. पकड अर्धवट असते तो क्षण म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘हाफ क्लच’ म्हणतात तो. शिकाऊ माणसाची गाडी इथेच गचके खाते.

२. ऑटोमॅटिक गाडी काय करते?

दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागेल. दुसरा हाताने धरून ठेवला तरी पहिला बंद पडणार नाही. हीच युक्ती हवेऐवजी तेलात केली की क्लचच्या पेडलाची गरज उरत नाही. अमेरिकेतील जनरल मोटर्सने १९३९ साली ‘हायड्रा-मॅटिक’ नावाची अशी पेटी ओल्डस्मोबिल गाड्यांसाठी बाजारात आणली.

दुसरी युक्ती पुण्यात राहिलेल्या पालकांना चांगली ठाऊक असेल. बजाज चेतकचे गिअर डाव्या मुठीने बदलावे लागत. १९८४ साली पुण्याच्या कायनेटिक कंपनीने जपानच्या होंडाशी भागीदारी केली आणि ‘कायनेटिक होंडा’ ही स्कूटर आली. तिला गिअर बदलणे नाही, लाथ मारणे नाही! पट्टा आणि लहानमोठ्या होणाऱ्या पुल्या यांवर ती चालत असे. बटण दाबून स्कूटर सुरू करणाऱ्या कितीतरी मावश्या, काकू तेव्हापासून ‘ऑटोमॅटिक’च चालवत होत्या.

तिसरी युक्ती म्हणजे साधीच गिअरपेटी ठेवायची, पण क्लच दाबायचे काम यंत्राकडे द्यायचे. भारतात मारुती सुझुकीने २०१४ साली सेलेरिओ या गाडीत ही सोय दिली. विजेच्या गाडीला तर बहुधा एकच गिअर पुरतो, कारण विजेची मोटर उभ्या जागेवरूनच पूर्ण जोर देते.

३. थोडे गणित

आता वॉटफर्डचा विचार करू. सकाळी एम-२५ वरून हीथ्रोच्या बाजूला जाणाऱ्यांना थांबत-सरकत जाण्याची सवय असते. संध्याकाळी गावातील रिंग रोडवरचे सिग्नल आहेतच. समजा, एका खेपेत ६० वेळा थांबावे लागले आणि दर वेळी क्लच ३ वेळा दाबला :

६० × ३ = १८० वेळा
जाऊन-येऊन : ३६० वेळा
आठवड्याचे ५ दिवस : १,८०० वेळा
वर्षाचे ४४ आठवडे : ७९,२०० वेळा

जवळजवळ ऐंशी हजार! डाव्या गुडघ्याला हे सोसेल का, हा खरा प्रश्न आहे. चकतीचीही झीज होतेच. उलट, कुणी ए-४१ ने मोकळ्या वेळी हेमेल हेम्पस्टेडला जात असेल, तर हा आकडा फारच कमी होईल. म्हणून गाडी बघण्याआधी आपला रस्ता बघावा.

खर्चाचेही दोन्ही बाजूंनी पाहावे. ऑटोमॅटिक गाडी घेताना सहसा महाग पडते. तिची गिअरपेटी बिघडली, तर दुरुस्तीचा खर्च क्लच बदलण्यापेक्षा बराच जास्त येऊ शकतो. ‘ऑटोमॅटिक पेट्रोल पिते’ हे मात्र जुन्या तीन-चार गिअरच्या गाड्यांबद्दल खरे होते. आजच्या आठ गिअरच्या गाड्यांत तो फरक फारसा उरलेला नाही.

आणि उतारावर? ‘ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा’ हा खंडाळ्याच्या चालकांचा नियम ऑटोमॅटिकलाही लागू आहे. अनेक गाड्यांत त्यासाठी खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय असते. ती वापरली की ब्रेक तापत नाहीत.

४. लायसन्सचा प्रश्न वेगळा आहे

इथे अनेकांची गल्लत होते. कोणती गाडी घ्यावी हा एक प्रश्न आणि कोणत्या गाडीवर परीक्षा द्यावी हा दुसरा.

गिअरच्या गाडीवर पास झालात, तर दोन्ही प्रकार चालवता येतात. ऑटोमॅटिकवर पास झालात, तर लायसन्सवर ७८ हा आकडा येतो आणि गिअरची गाडी स्वतंत्रपणे चालवण्याची मुभा राहत नाही. पुढे ती हवी असेल, तर गिअरच्या गाडीवर पुन्हा प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. लेखी परीक्षा मात्र पुन्हा द्यावी लागत नाही. ऑटोमॅटिकवर परीक्षा सोपी जाते असेही समजू नये. तिथे पास होणाऱ्यांचे प्रमाण उलट कमी आहे.

भारतातून आलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. इथे राहायला आल्यापासून भारतीय लायसन्सवर फक्त १२ महिने गाडी चालवता येते. ते बदलून मिळत नाही, परीक्षा द्यावीच लागते.

५. मग काय ठरवावे?

आम्ही रोजच्या कामासाठी ऑटोमॅटिक गाडी घेतली, कारण आमचा रस्ता एम-२५ चा आहे. मुलांना मात्र गिअरच्या गाडीवरच शिकवायचे ठरवले आहे. सतराव्या वर्षी स्वस्त, जुनी गाडी मिळते ती बहुधा गिअरचीच असते. हे कायमचे राहणार नाही. केवळ पेट्रोल-डिझेलवर चालणाऱ्या नव्या गाड्यांची विक्री २०३० पासून बंद करण्याचे सरकारचे धोरण आहे. म्हणजे आपली नातवंडे क्लच बहुधा संग्रहालयातच पाहतील!

पण एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. आपल्यापैकी काहीजणी पुण्या-ठाण्याच्या गर्दीत बिनधास्त स्कूटर चालवत होत्या. इथे क्लचच्या धास्तीने त्या गाडीला हातच लावत नाहीत. दवाखाना, दुकान, मुलांचा वर्ग, प्रत्येक ठिकाणी कुणीतरी सोडायला लागते. त्यांनी ७८ आकड्याची चिंता करू नये. ऑटोमॅटिकवर शिकावे आणि सुटे व्हावे. दोन्ही गाड्या चालवण्याची मुभा चांगलीच, पण एकही न चालवण्यापेक्षा एक चालवणे केव्हाही बरे.

शब्दार्थ
चढण – वर चढत जाणारा रस्ता
घर्षण – दोन वस्तू एकमेकींवर घासणे
झीज – वापरून वापरून कमी होणे
मुभा – परवानगी
धास्ती – मनात बसलेली भीती

स्वाध्याय
१. घरून वर्गाला येताना गाडी किती वेळा थांबली ते मोजा. वर लिहिल्याप्रमाणे वर्षाचा हिशेब करा.
२. आजी-आजोबांना फोन करून विचारा : त्यांची पहिली गाडी किंवा स्कूटर कोणती? गिअर कुठे होते? पाच वाक्ये मराठीत लिहून आणा.
३. ‘धास्ती’ आणि ‘मुभा’ हे शब्द वापरून एकेक वाक्य तयार करा.